पागेतील रात्रीची वैरण : यंत्र, जाळी आणि मोतद्दार

शिरपुराहून पश्चिमेस तापीच्या काठाने जाऊ लागले म्हणजे शहादे तालुक्यात सारंगखेडे लागते, आणि तेथे मार्गशीर्ष पौर्णिमेला एकमुखी दत्ताच्या यात्रेनिमित्त जो घोडेबाजार भरतो त्याची कीर्ती खानदेशाबाहेर मारवाड-काठेवाडापर्यंत पसरलेली आहे. त्या बाजारात घोड्याची उंची मापतात, चाल पाहतात, दात उघडून वय ठरवितात, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ याचा खल करतात, आणि देवमणाचा भोवरा असलेल्या जनावरासमोर जाणती माणसेही क्षणभर हात जोडून उभी राहतात. परंतु हे जनावर घरी नेल्यावर त्याच्या पुढ्यात वैरण किती वेळा पडणार, आणि दोन वैरणींच्या मध्ये ते किती तास रिकाम्या गव्हाणीकडे पाहत उभे राहणार, हा प्रश्न सौद्याच्या बोलीत क्वचितच निघतो. वस्तुतः घोड्याचे पुढील दहा-पंधरा वर्षांचे आरोग्य भोवऱ्यांवर फारसे अवलंबून नसून या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळसे अवलंबून आहे. ठरलेल्या वेळी आपोआप वैरण टाकणारी यंत्रे पाश्चात्त्य देशांत आता चांगलीच रूढ झाली असून आपल्याकडील हौशी अश्वपालकांतही त्यांची विचारपूस सुरू झाली आहे. तेव्हा या यंत्रांचे प्रकार कोणते, त्यांपासून लाभ कोणता, आणि कडब्यावर पोसल्या जाणाऱ्या खानदेशी पागेत त्यांचा निभाव कितपत लागेल, याचा एकत्र विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रश्न आजच का उद्भवावा, याचे कारण घोड्यांच्या संख्येत आणि धन्याच्या राहणीत आहे. २०१९ च्या पशुगणनेत साऱ्या देशातील घोडे व तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली, आणि २०१२ च्या गणनेशी ताडून पाहता ही घट ४५ टक्क्यांहून अधिक होती. टांगा गेला, ओझ्याचे तट्टू गेले. उरला तो वरातीचा घोडा, नाचाची घोडी, शर्यतीचे जनावर आणि पैदाशीसाठी हौसेने राखलेली दावण. ज्या काळी घोडा हे पोट भरण्याचे साधन होते त्या काळी त्याच्या ठाणाशेजारी रात्री कोणी तरी झोपत असे. आज धनी शिरपुरात दुकानाच्या माडीवर राहतो, घोडा शेतावरच्या पत्र्याच्या शेडात असतो, आणि ज्याच्यावर दाणावैरणीची जबाबदारी सोपविलेली असते तो गडी गुरांचे, पाण्याच्या पाळीचे व पिकाच्या राखणीचेही काम त्याच हाताने उरकीत असतो. जातिवंत मोतद्दार, म्हणजे खरारा, मालिश, दाण्याची चंदी व वैरण यांची रीत बापाकडून शिकलेला मनुष्य, आता दुर्मिळ झाला आहे, आणि जो मिळतो त्याची मजुरी एकदोन घोडी बाळगणाऱ्यास परवडत नाही. यंत्राची वाट मोकळी झाली ती या उणिवेमुळे.

परंतु यंत्राकडे वळण्यापूर्वी घोड्याच्या पोटाकडे पाहिले पाहिजे, कारण साऱ्या वादाचे मूळ तेथे आहे. खानदेशातील शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जे जनावर सांभाळले ते बैल. बैलाला सकाळी एक व संध्याकाळी एक अशी पोटभर वैरण घातली की तो ती घाईघाईने पोटात साठवितो आणि मग रात्रभर बसून रवंथ करतो; म्हणजे आपल्या रात्रीच्या जेवणाचे कोठार तो पोटातच घेऊन फिरतो. घोड्याजवळ असे कोठार नाही. साडेचारशे-पाचशे किलो वजनाच्या घोड्याचे जठर अवघे दहा-पंधरा लिटरांचे, आणि खाल्लेल्या चाऱ्याचे खरे किण्वन त्यापुढे, अंधनाल व मोठे आतडे यांत होते. त्यात आणखी एक विलक्षण गोष्ट अशी की घोड्याच्या जठरात आम्ल अहोरात्र स्रवत राहते, मात्र त्या आम्लाचे शमन करणारी लाळ केवळ चावताना सुटते. घोडा ओकू शकत नाही. माळावर मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे बारा-पंधरा तास तोंड हालवीत थोडेथोडे चरत असतो, आणि त्याची सारी शरीररचना त्या अखंड, मंद, रूक्ष आहारासाठी घडलेली आहे. अशा जनावरास आपण बैलाची वेळ लावली, आणि पुष्कळशा दुखण्यांची बीजे त्या एका सवयीत पेरली गेली.

हिशेब करून पाहावा. घोड्यास त्याच्या वजनाच्या सुमारे २ टक्के कोरडा आहार रोज लागतो, आणि त्यातील वैरणीचा भाग वजनाच्या दीड टक्क्याखाली जाऊ नये असा सर्वमान्य दंडक आहे. साडेतीनशे किलोच्या आपल्याकडील घोडीस म्हणजे सात किलो वैरण झाली. एक किलो सुके गवत चावून संपविण्यास घोड्याला साधारण चाळीस मिनिटे लागतात. म्हणजे सात किलोचे पाच तासांहूनही कमी. उरलेले एकोणीस तास, आणि त्यातही संध्याकाळी सात ते सकाळी सहापर्यंतची सबंध रात्र, ती घोडी काय करते? ती गव्हाणीचे लाकूड कुरतडते, दात टेकवून हवा ओढते, एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत राहते, स्वतःची लीद हुंगते. आपल्याकडे या साऱ्याला खोड म्हणतात आणि बाजारात त्यापायी जनावराची किंमत पाडतात. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांची जी मोठी पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली तीत असे आढळले की ज्यांना दिवसाकाठी ६.८ किलोंपेक्षा कमी वैरण मिळते त्यांच्यात अशा विकृत वर्तनाचा संभव वाढतो. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जठरातील व्रणांचा संबंध दोन वैरणींमधील सहा तासांहून अधिक अंतराशी जोडला गेला. आणि आपल्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की केवळ पेंढ्यावर, म्हणजे गव्हासारख्या धान्याच्या काडावर, ठेवलेल्या घोड्यांतही व्रणांचे प्रमाण अधिक दिसले. गव्हाच्या भुश्यावर घोडा ‘निभतो’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चारा मोजून व वेळेवर घालण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात उत्तम, मध्यम व अवर अशा प्रतींनुसार घोड्यांचे धान्य, स्नेह, लवण आणि गवत यांची परिमाणे निश्चित करून दिलेली आहेत. आणि मराठी मुलखापुरते बोलायचे तर वैरणीच्या बंदोबस्ताविषयीचा आपला सर्वांत तेजस्वी दस्तऐवज म्हणजे १६७० च्या दशकात चिपळूणकडील छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस शिवाजी महाराजांकडून गेलेले ते सुप्रसिद्ध पत्र होय. पावसाळ्यासाठी जमविलेला दाणा व गवत आताच मनास येईल तसे उधळले तर पुढे घोडी उपाशी मरू लागतील, मग लष्कराचे लोक कुणब्यांच्या घरचे दाणे व गवत ओढून आणू लागतील, आणि रयतेला मोगल बरे असे वाटू लागेल, ही त्यातील कारणपरंपरा राज्यनीतीच्या पुस्तकांतून वारंवार सांगितली जाते. परंतु पागेच्या दृष्टीने त्याच पत्रातला दुसरा इशारा अधिक मार्मिक आहे : रात्री दिवा तसाच ठेवून निजू नये, कारण उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि वैरणीसकट घोडी जळून जातील. वैरणीचा साठा, रात्र, उंदीर आणि अग्नी यांचा एकमेकांशी असलेला संबंध इतक्या थोडक्यात अन्यत्र कोठे सांगितलेला प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. आणि तो संबंध विजेच्या तारा आल्याने तुटला असे मुळीच नाही, हे पुढे दिसेल.

आता यंत्रांकडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत गजराच्या घड्याळाला दोरी बांधून, गजर वाजताच किल्लीच्या फिरण्याने खिट्टी निघून दाण्याची पेटी रिकामी होईल, अशा तऱ्हेच्या युक्त्यांची पेटंटे निघत आली आहेत. पहाटे उठून तबेल्यात जाण्याचा कंटाळा हीच त्या शोधांची जननी. पण ती बहुतेक यंत्रे दाण्याची होती, आणि तसे होणे स्वाभाविक होते. दाणा वाहतो. भोक पाडले की तो पाण्यासारखा खाली येतो, फिरत्या चकतीने त्याचे माप घेता येते, आणि तोबऱ्यातला चंदीचा हिशेब यंत्राने करणे हे पिठाच्या गिरणीला अवघड नसणाऱ्या कामांपैकी एक आहे. गवत मात्र वाहत नाही. ते एकमेकांत गुंतते, अडते, दाबले की फुगते, आणि कितीही मोठे तोंड ठेवले तरी तोंडावर कमान धरून बसते. या एका स्वभावामुळे वैरणीची यंत्रे दाण्याच्या यंत्रांहून मुळातच निराळी झाली : ती वैरण मोजून ओतीत नाहीत, माणसाने आधीच मोजून ठेवलेल्या वैरणीचे दार वेळेवर उघडतात.

या दारे उघडणाऱ्या यंत्रांत सर्वांत साधा प्रकार म्हणजे कप्प्यांची पेटी. भिंतीला तीन-चार कप्पे एकावर एक किंवा शेजारी-शेजारी बसविलेले. प्रत्येकाच्या तळाला बिजागरीवर झुलणारी झडप. झडप विद्युच्चुंबकाने अथवा छोट्या मोटरीच्या खिट्टीने धरलेली. संध्याकाळी माणूस कप्पे भरून जातो, आणि दहा, एक व चार वाजता एकेक झडप सुटते. दुसरा प्रकार पडद्याचा : गवताच्या मोठ्या घोड्यासमोर, म्हणजे गवत ठेवावयाच्या उभ्या चौकटीसमोर, दुकानाच्या शटरसारखा पडदा किंवा जाळी वरखाली होते आणि ठरलेल्या मिनिटांपुरतीच घोड्यांना तोंड घालू देते; मध्य युरोपात हा प्रकार विशेष प्रचलित आहे. तिसरा व सर्वांत महाग प्रकार जर्मनीतील ‘हिट’ आणि ऑस्ट्रियातील ‘शाउअर’ यांसारख्या उत्पादकांनी रूढ केला. त्यात घोडी वेगवेगळ्या ठाणांत न बांधता कळपाने मोकळ्या वाड्यात ठेवतात, प्रत्येकीच्या गळ्यात किंवा पायात ओळखीची चकती असते, आणि घोडी अरुंद गल्लीतून आत शिरली की यंत्र तिला ओळखून तिच्या खात्यात आज किती मिनिटे शिल्लक आहेत ते पाहते. शिल्लक असेल तर पडदा वर जातो. नसेल तर पुढचे दार उघडून तिला बाहेरची वाट दाखविली जाते, आणि पुन्हा खायचे तर वाड्याला वळसा घालून यावे लागते, त्यामुळे चालणेही आपसूक घडते. फडणिसी दप्तराची ही शिस्त पाहून मौज वाटते खरी. परंतु लाथाळ घोडी, एकाच गल्लीत दोन जनावरे आणि आपल्याकडे अजून सर्रास वावरणारे वळू यांचा विचार केला म्हणजे खानदेशात याचे अनुकरण करण्याची घाई कोणी करू नये असेच वाटते. गोठ्यांतून आपोआप फिरून चारा लोटणारी व वाटणारी डच यंत्रेही आहेत, पण ती गाईंच्या मिश्र आहारासाठी रचलेली असल्याने त्यांचा येथे उल्लेख पुरे.

या सर्वांच्या पंक्तीला बसवावी की नाही असा प्रश्न पडावा अशी एक वस्तू राहिली, ती म्हणजे बारीक भोकांची जाळी. तिला घड्याळ नाही, वीज नाही, भाग हालत नाहीत. वैरणीच्या जाळ्या पलटणींतून फार पूर्वीपासून होत्या, पण त्यांचा हेतू वैरण सांडू नये एवढाच होता. भोके लहान केली तर घोड्याला ओठांनी काडी-काडी ओढावी लागते आणि खाण्याचा वेळ लांबतो, ही गोष्ट अलीकडे मोजून पाहण्यात आली. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात २०१४ च्या सुमारास झालेल्या प्रयोगात घोड्याच्या वजनाच्या १ टक्का गवत जमिनीवर टाकले असता ते सुमारे तीन तासांत संपले. तेच गवत सव्वातीन सेंटिमीटर भोकांच्या जाळीतून खाण्यास साडेसहा तास लागले. म्हणजे संध्याकाळी सातला टाकलेली वैरण दहाऐवजी मध्यरात्रीनंतर दीडपर्यंत पुरली. जी गोष्ट साधण्यासाठी दुसरी यंत्रे पैसा, मोटर आणि तारा मागतात तिचा अर्धाअधिक हिस्सा या दोरीच्या विणीने साधला, हे मान्य केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मात्र नाल ठोकलेला घोडा पाय उचलून जाळीवर मारतो आणि नालेच्या टाचेत दोरी अडकून रात्रभर तिरपा उभा राहतो, असे अपघात घडतात. म्हणून जाळी मोकळी न टांगता गव्हाणीच्या पेटीत ताणून बसवावी.

एवढे झाल्यावर प्रश्न येतो तो कडब्याचा. पाश्चात्त्य यंत्रे ज्या गवतासाठी घडविली आहेत ते बारीक, मऊ, गासड्या बांधलेले कुरणाचे गवत; आणि शिरपूर तालुक्यातील घोड्याच्या पुढ्यात येते ती ज्वारीच्या कडब्याची पेंढी, त्यातल्या त्यात चांगल्या घरी दादर ज्वारीची. पेंढी सोडून टाकली की घोडा काय करतो ते जवळून पाहण्यासारखे असते. तो आधी वरच्या ओठाने पाने चाचपतो आणि ती ताटापासून ओरबाडून घेतो. मग शेंड्याकडचे कोवळे, गोड कांडे दाढांखाली धरून आवाज करीत फोडतो. त्याच्या खालची जाड, पांढरट झालेली कांडी तोंडात घेऊन टाकून देतो, पायाखाली घालतो, त्यावर मुततो. सकाळी जी चघळ झाडून काढावी लागते तिचा ढीग पाहिला म्हणजे वजनकाट्यावर सात किलो घातलेली वैरण पोटात किती गेली याविषयी मालकाचा भ्रम उतरतो. अशी पेंढी पाश्चात्त्य पेटीच्या कप्प्यात मावत नाही, मावली तर झडप उघडल्यावर ताटे आडवी अडकून लोंबकळत राहतात, आणि जाळीच्या भोकांतून तर कडब्याचे ताट येतच नाही. म्हणून यंत्र वापरायचे झाल्यास कडब्याची कुट्टी करणे भाग पडते. कुट्टी कप्प्यात बसते, झडप सुटली की पडतेही, मात्र कप्पा खाली रुंद व वर किंचित अरुंद हवा. उलट आकाराचा, म्हणजे गाळण्यासारखा खाली निमुळता होत जाणारा कप्पा केला की कुट्टी कमान धरते आणि यंत्राने ‘वैरण दिली’ असा शेरा मारूनही घोडा उपाशी राहतो. कारागिराने नेमकी हीच चूक करण्याचा संभव असतो, कारण धान्याच्या सर्व चाड्या त्याने निमुळत्याच पाहिलेल्या असतात.

कुट्टीला तिची स्वतःची संकटे आहेत. ती फार बारीक कापली तर घोडा चावण्याऐवजी गिळतो, आणि चावण्याचा जो वेळ वाढविण्यासाठी हा सारा खटाटोप, तोच आटतो. शिवाय बारीक, कोरडा चुरा आतड्यांत दाटून पोटशुळाला आमंत्रण देतो. बोटाच्या दोन पेरांइतकी लांबी ठेवून, वर पाणी शिंपून दिलेली कुट्टी उत्तम. पण शिंपलेली कुट्टी बंद कप्प्यात सहा तास राहिली की पावसाळ्यात आंबते. त्यातून कडब्यात मक्याची वैरण मिसळण्याची रीत आपल्याकडे वाढत चालली आहे, आणि मक्यावरील फ्युजेरियम जातीच्या बुरशीचे विष इतर गुरांपेक्षा घोड्यास कितीतरी अधिक बाधते, इतके की त्याचा मेंदू निकामी होतो. तेव्हा कप्पे रोज रिकामे करून पुसणे हा कोणत्याही यंत्राच्या वापराचा पहिला नियम समजावा. हिरव्या चाऱ्याविषयीही एक-दोन शब्द आवश्यक आहेत. कोवळ्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीने गुरांना किराळ लागते हे शेतकऱ्यास ठाऊक असते. पण कृषी विद्यापीठांच्या शिफारशीमुळे घरोघरी पोचलेले संकरित नेपियर, म्हणजे हत्ती गवताचे सुधारित वाण, घोड्यास मुख्य आहार म्हणून घालीत राहिल्यास त्यातील ऑक्झॅलेट चुना बांधून ठेवते आणि हाडे पोकळ होऊन जबडा सुजतो, हे फारसे कोणास ठाऊक नाही. गाईला जे मानवते ते घोड्याला मानवेलच असे नाही. येथेही आपण बैलाचेच माप घोड्याला लावतो. लसूणघास थोडी मिळत असेल तर ती कडब्याची उणीव भरून काढते.

वीज हा यापुढचा मुद्दा. शेतीच्या वाहिनीवरील पुरवठा पाळ्यांनी येतो, आणि यंत्राचे घड्याळ त्या पाळ्यांवर अवलंबून ठेवणे म्हणजे घोड्याला भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे जेवू घालणे होय. यंत्र बॅटरीवर चालावे, ती सौर तावदानावर चार्ज व्हावी, एवढे तर झालेच. पण त्याहून महत्त्वाचे हे की वीज गेली किंवा बॅटरी उतरली तर झडप कोणत्या बाजूने राहावी ते आधी ठरवावे. वैरणीची झडप विजेने धरलेली असावी, म्हणजे वीज गेली की ती आपोआप सुटेल. अशा रात्री घोड्याला सगळी वैरण एकदम मिळेल, त्याने काही बिघडत नाही. वैरणीने घोडा फार तर सुस्तावतो. चंदीच्या बाबतीत मात्र नेमके उलट आहे. चार वेळची चंदी एकदम पुढ्यात पडली तर त्या रात्रीतून पोटशूळ किंवा खुरांचा दाह उद्भवून जनावर हातचे जाऊ शकते. म्हणून वैरण यंत्राच्या हवाली करण्यास हरकत नाही, परंतु चंदी माणसाच्याच हातून पडावी, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. बाजारात दोन्ही कामे करणारी म्हणून मिरविली जाणारी यंत्रे याच कारणासाठी नापसंत करावीत.

शिवकालीन पत्रातला उंदीर येथे पुन्हा भेटतो. कुट्टीच्या कप्प्याशेजारून तार नेली की ज्वारीच्या दाण्याच्या वासाने आलेला उंदीर तारेचे वेष्टण कुरतडणार, ठिणगी पडणार, आणि खाली सुकी कुट्टी आहेच. बारा व्होल्टचा प्रवाह अंगाला झटका देत नाही म्हणून निर्धोक समजला जातो. आग लावण्यास तो पुरेसा आहे. तारा लोखंडी नळीतून न्याव्यात, बॅटरी भिंतीपलीकडे ठेवावी, आणि वैरणीची गंजी पागेपासून अंतरावर असावी हा जुना नियम यंत्र आले म्हणून सोडू नये.

यंत्राच्या उंचीविषयी तर पुष्कळांची गैरसमजूत आहे. कप्पे वर बसवून वैरण छातीइतक्या उंचीच्या गव्हाणीत पाडणे सोयीचे असते खरे, पण घोडा मूळचा मान खाली घालून चरणारा प्राणी असून त्या स्थितीतच त्याच्या श्वासमार्गातली धूळ व कफ वाहून बाहेर पडतात. मान वर करून धुळकट कुट्टी खाणाऱ्या घोड्यास महिनोन्‌महिने खोकला लागतो, आणि मालक सर्दीची औषधे आणीत राहतो. कप्पा कितीही उंच असो, खालची गव्हाण जमिनीलगतच हवी. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. एका दावणीला चार घोडी असतील तर चारही झडपा एकाच क्षणी सुटल्या पाहिजेत. शेजारच्याच्या पुढ्यात वैरण पडल्याचा आवाज ऐकून आपली न पडलेली घोडी भिंतीवर लाथा घालते. इंग्लंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घोड्यांचा खुराक अनेक लहान वाट्यांत विभागून दिला तेव्हा लाकूड चावण्यासारख्या तोंडाच्या खोडी कमी झाल्या, परंतु खुराक येण्यापूर्वीचे डुलणे व मान हालवणे वाढले. वारंवार थोडेथोडे देण्यात लाभ आहे. वारंवार वाट पाहावयास लावण्यात नाही. म्हणून रात्रीतून सहा-सहा झडपांची भपकेबाज यंत्रे घेण्यापेक्षा जाळीतून किंवा भरड कुट्टीतून सावकाश संपणारे दोनच वाटे बरे.

आता ज्याच्या अभावी हे सारे सुरू झाले त्या मोतद्दाराविषयी. वैरण घालणे हे त्याच्या कामाचे निमित्त होते. त्याचे खरे काम पाहण्याचे होते. पेंढी टाकून तो दोन पावले मागे सरे आणि घोडा तोंड घालतो की हुंगून मान वळवितो हे पाही. घोड्याच्या पोटदुखीची पहिली खूण बहुधा हीच असते : तो वैरण सोडतो, मग कुशीकडे वळून पाहतो, मग पुढच्या पायाने जमीन उकरतो, आणि लोळू लागेपर्यंत दोन-तीन तास गेलेले असतात. या दोन-तीन तासांत नाळ घालणारा किंवा सुई देणारा पशुवैद्य आला तर जनावर वाचते. यंत्र वैरण टाकते आणि पाठ फिरवते. रात्री दहाची वैरण तशीच पडून आहे आणि तीवर एकची येऊन पडली, ही बातमी सकाळी सहाला समजली तर यंत्राने गड्याची झोप वाचविली आणि घोडा घालविला असे म्हणण्याची पाळी येईल. युरोपीय कळपांच्या यंत्रांत न आलेल्या घोड्याची नोंद धन्याच्या फोनवर जाते. आपल्याकडच्या साध्या पेटीलाही गव्हाणीतील उरलेल्या वैरणीचे वजन कळेल असा काटा व निरोप पाठविण्याची तजवीज जोडता येणे आज अशक्य राहिलेले नाही. ती जोडलेली नसेल तर एवढा तरी नियम करावा की यंत्राची पहिली झडप माणूस जागा असतानाच, रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास सुटावी, आणि त्या वेळी कोणी तरी कंदील नव्हे, विजेरी घेऊन एकदा दावणीवरून जाऊन यावे.

हे सारे तोलून पाहता खानदेशापुरता निवाडा असा होतो. ज्याच्या पागेत माणूस वस्तीला आहे त्याला यंत्राची गरज नाही. त्याला बैलाची वेळ मोडण्याची, झोपण्यापूर्वी एक वैरण वाढविण्याची, आणि जेथे मऊ गवत मिळते तेथे बारीक भोकांच्या जाळीची गरज आहे. ज्याची पागा रात्री एकाकी असते, आणि शिरपूर, शिंदखेडे, शहादे या टापूत अशा पागा आता थोड्या नाहीत, त्याने दोन कप्प्यांची, बॅटरीवरची, वीज जाताच सुटणाऱ्या झडपेची, खाली रुंद होत जाणारी पेटी जमिनीलगतच्या गव्हाणीवर बसवावी; ती लोहाराकडून व विजेचे काम जाणणाऱ्या पोरांकडून गावातच करून घेता येण्यासारखी आहे, आणि शिरपुरातली अभियांत्रिकी महाविद्यालये आपल्या विद्यार्थ्यांना प्रतिवर्षी जे प्रकल्प करावयास लावतात त्यांत कुट्टीला न अडणाऱ्या कप्प्याचा आणि उरलेल्या चघळीचे वजन सांगणाऱ्या गव्हाणीचा समावेश झाला तर त्याचा उपयोग परीक्षेपलीकडेही होईल. आणि ज्यांना परदेशी यंत्रच मागवायचे असेल त्यांनी पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्यास आपल्या शेतावर बोलवावे, आपल्याच गंजीतील दादरची कुट्टी त्याच्या पेटीत भरावी, आणि झडप सुटल्यावर कप्प्यात काय उरते ते त्याच्यादेखत पाहून मगच सौदा करावा.